जवळ्यातला समुद्रघोडा

खाडीकाठी भावाने जाळं रिकामं केलं, तेव्हा जवळ्याच्या, म्हणजे इवल्याशा कोळंबीच्या, ढिगात बोटभर समुद्रघोडा वळवळताना दिसला. वहिनीने तो ओंजळीत घेऊन पाण्यात सोडला. त्याने लगेच शेपटीने पाण्यातलं गवत धरलं आणि तो तिथेच थांबला. त्याला कुणाचा पाठलाग जमत नाही. प्रवाहाबरोबर जवळा तोंडापाशी आला, की नळीसारख्या तोंडाने तो ओढून घ्यायचा. दात नाहीत, अन्न साठवायला जठरही नाही, म्हणून दिवसभर खात राहावं लागतं. ही कुठली तऱ्हा, कोण जाणे. आमचं बरं असतं. पावसाळ्यासाठी आम्ही जवळा वाळवून डबे भरून ठेवतो.

“सुटला बिचारा,” वहिनी म्हणाली, आणि त्याचं जेवण टोपलीत भरू लागली.