भिंतीला दिलेली शिवी

आत्याच्या तोंडी सगळ्यांसाठी एकच हाक होती, "मुडद्या". दूधवाला मुडद्या, तिचा सख्खा भाऊ म्हणजे माझे वडील मुडद्या, आणि घराण्यातला पहिला बीए झालो तेव्हा पेढा भरवताना मीही मुडद्याच. मात्र शिवी ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यायची. पाठीमागे कोणाला दिलेली मी ऐकली नाही.

अंबरनाथ एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. सुपरवायझरने बायकांना थांबवलं की त्याच्या दारात उभी राहून विचारायची, "तुझी घरी कोणी वाट बघत नाय का रे मुडद्या?" बायका वेळेवर सुटायच्या.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात आल्यापासून गप्प होती. मग एकदा सलाइन लावणाऱ्या सिस्टरकडे बघून म्हणाली, "मुडद्या." तेवढाच शब्द उरला होता. वॉर्डात तो कोणाला आवडेना, पण तिथले सिंधी डॉक्टर राउंडला आले की स्वतःच विचारायचे, "अम्मा, आज गाली नहीं?"

एका सकाळी ती सारखी तेच म्हणू लागली. सिस्टर म्हणाली, आज जोर आलाय, बऱ्या होतायत. वडीलही खूश. मी पाहिलं, तर आत्या कोणाकडेच बघत नव्हती, नजर समोरच्या भिंतीवर होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. गॅस असेल म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ही बाई भिंतीला शिवी देत नाही. हिला काहीतरी भयंकर दुखतंय."

डॉक्टर थांबले. नाडी धरली, ती पहिल्यापासून वेडीवाकडी चालायची. हृदयातली रक्ताची एक गुठळी मेंदूत जाऊन लकवा झाला, तशी दुसरी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकली असेल, म्हणाले. अशात पोट वरून मऊ लागतं आणि आत आतडं मरत असतं. लगेच पोट उघडावं लागेल, आणि त्यातही जीवाची खात्री नाही.

सहीसाठी वडिलांचा हात उठेना. लकव्याच्या बाईचं पोट कुठे फाडता, म्हणत राहिले. तेव्हा आत्याने मान वळवली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हळूच म्हणाली, "मुडद्या." वडिलांनी सही केली.

हातभर आतडं काळं पडलेलं निघालं. तेवढं काढलं, आत्या वाचली.

पुढे बदलापूरला माझ्या घरी ती बरीच वर्षं राहिली, थोडं थोडं खाऊन, मजेत. पुरे झालं की डावा हात ताटावर आडवा धरायची. एका दुपारी अर्ध्या भातावर तिने असाच हात धरला, जरा लवंडली आणि झोपेतच गेली. बायकोने ताट उचललं, पण मला तो भात टाकवेना. मी बसून खाल्ला.