तिवशाच्या अंगणातला दुसरा बोल्ट

तिसरा बोल्ट भोकात जात नव्हता आणि दुसरा बाहेर निघत नव्हता. प्रणालीने फोनवर एवढंच सांगितलं. तिची गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येते. अमरावतीचं गॅरेज भावावर सोपवून मी तिवशाला गेलो.

अंगणात टूरिंग बाइक उभी होती आणि एका बाजूला क्रॅश गार्ड लोंबत होता. गाडी आडवी झाली तर इंजिन आणि पाय वाचवणारा हा लोखंडी पाइप. शेजारी तिचे वडील देविदासभाऊ, हातात पाना. झेंडूचा मळा करणारा माणूस, डावा पाय ओढत चालतो. तरुणपणी सेमाडोहच्या घाटात गाडी त्या पायावर पडली होती.

प्रणाली दुसऱ्या दिवशी एकटीच कन्याकुमारीला निघणार होती. बापाला ते पसंत नव्हतं. गार्ड लावला तरच जायचं आणि तो ते स्वतःच लावणार, अशी त्यांची अट.

मी दुसरा बोल्ट जपून काढला. आतले आटे साफ गेले होते. आटे म्हणजे बोल्ट ज्यांत फिरून धरतो त्या बारीक चऱ्या. गेले ते फ्रेमचे. अशी गाडी लांब न्यायची नसते आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

प्रणालीचा चेहरा उतरला. बापाकडे न बघता तिने मला विचारलं, "काका, खरं सांगा. बाबानं हे मुद्दाम केलं काय? मले जाऊच द्यायचं नव्हतं त्यायले."

मला देविदासभाऊंकडे बघवेना. पण नुसतं बरं वाटावं म्हणून बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी बोल्ट उजेडात धरून पुन्हा पाहिला.

"मुद्दाम बिघडवणारा बोल्ट ढिला सोडते," मी म्हणालो. "यायनं पहिलाच कचकचून आवळला. पाइप तिरपा झाला, मंग दुसरा बोल्ट तिरपा गेला. तरी जोर लावतच राहिले. काहून भाऊ?"

"ढिला राह्यला अन् पोरगी पडली तं?" ते म्हणाले. "गाडी पायावर पडली का काय होते, मले मालूम हाय."

प्रणाली ओट्यावर जाऊन बसली.

मी भोक मोठं करून नवे आटे पाडले, आत तारेची वळी बसवली. गॅरेजमध्ये तिला हेलिकॉइल म्हणतात. मग सगळे बोल्ट नुसत्या हाताने, ढिलेच लावले. पाइप सरळ बसल्यावर टॉर्क रेंच काढला. हा पाना ठरलेला जोर झाला की टक वाजतो. शेवटचा बोल्ट मी देविदासभाऊंना आवळायला दिला.

टक वाजलं. त्यांनी आणखी जोर लावायला खांदा वाकवला. प्रणाली उठून आली आणि पान्यावर हात ठेवून म्हणाली, "बस झालं, बाबा."

त्यांनी पाना सोडला. सकाळी ती निघाली.

परतीच्या वाटेवर गाडी रेतीत घसरली. गार्ड वाकला, तिच्या पायाला काही झालं नाही. ती घरी आल्यावर देविदासभाऊंचा मला फोन आला, नवा गार्ड पाहिजे म्हणून. बसवायला येऊ का, मी विचारलं.

"नाई. प्रणाली बसवते. मी नुसता पाइप धरून ठेवतो."

धरायला माणूस असला की हे काम घरी नीट होतं. आवळायची घाई तेवढी करू नये.