रवळूचं आऊत

कंग्राळीत रवळूला नावानं हाक मारणारी माणसं आता मोजकीच राहिलीत. बाकी गावाला तो 'भोपळंवाला'. आणि हे पाठीमागं नव्हे, तोंडावर.

"काय भोपळंवाले, औंदा कुठली सुपारी?"

"गणपतीत वाजीव की रं आमच्या. बेंजोवाल्यास्नी सुट्टी देऊ."

रवळू हसायचा. उंच माणूस, साठी ओलांडलेली, फौजेतनं आलेला ताठपणा पाठीत अजून तसाच. त्याच्या ह्या नावाचं कारण घराच्या पडवीत भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्यापेक्षाही वीतभर उंच, गाभण म्हशीसारखं पोट, चार जाड तारा. डबल बास.

हे वाद्य त्यानं निवडलं नव्हतं. फौजेच्या बँडात घेतलं तेव्हा त्याला कॉर्नेट पाहिजे होता, छोटा पितळी कर्णा, चमकतो म्हणून. बँडमास्तरनं त्याला बुटापासून टोपीपर्यंत बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "लंबा है. इसको वो दे दो." एवढीच त्याची परीक्षा. परेडीत बास चालत नाही, त्यामुळं बाकीचे लोकांसमोर दिमाखात चालत जायचे. रवळूचं काम अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, नाचाच्या रात्री, सगळ्यांच्या मागं, पडद्याला चिकटून.

पेन्शन लागली आणि तो गोव्याला गेला. पणजीजवळच्या एका हॉटेलात सेबी मास्टरची मंडळी वाजवायची. सेबी सॅक्सोफोनवाला, बुटका, तोंडाचा फटकळ. पहिल्याच दिवशी त्यानं वाजवणं मध्येच तोडलं.

"तुझं नाव काय म्हणालास?"

"रवळू."

"इथं गोऱ्या गिऱ्हाइकांना ते जमायचं नाही. तू रॉली. आणि रॉली, तू मार्च करतोयस. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. आम्ही लढाईवर निघालेलो नाही. चार मोज. चारही सारखे, आणि एकही सारखा नको."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे चाल. माणूस घराकडं चालतो तसं."

सेबी जे जॅझ वाजवायचा त्याला तो हार्ड बॉप म्हणायचा. रवळूनं धीर करून विचारलं, हे असतंय काय? सेबीनं सॅक्स मांडीवर ठेवला. "अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी देवळातलं भजन उचललं, गल्लीत आणलं, आणि त्याला मारामारी शिकवली. हे ते. सॅक्स भांडणार, ड्रम आग लावणार, पियानो मध्ये पडून दोघांचा मार खाणार."

"आणि मी?"

"तू जमीन. तू हललास तर सगळे आपटले."

रवळूला ते पटलं. रताळ्याच्या शेतातला पोरगा तो, जमीन म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं. वर्षभरात तो असा चालायला लागला की सेबी डोळे मिटून वाटेल तिथं उडी मारायचा आणि पडायचा तो नेमका रवळूच्या बोटांवर. फक्त एक गोष्ट रवळूला उशिरा कळली. जमिनीवर माणसं पाय देतात, टाळ्या देत नाहीत. कार्यक्रम संपताना सेबी एकेकाचं नाव घ्यायचा. सॅक्सला टाळ्या, पियानोला टाळ्या, ड्रमला तर शिट्ट्या. मग "अँड रॉली", आणि तोवर बश्यांचा खणखणाट सुरू झालेला असायचा.

पुढं हॉटेलात नवा मॅनेजर आला आणि त्याच्याबरोबर एक कीबोर्ड आला. मॅनेजरनं रवळूला जवळ बोलावून एक बटण दाबून दाखवलं. कीबोर्ड आपोआप चालायला लागला, चारच्या चालीत, न दमता.

"तुमचं काम ह्यात बसतंय, रॉली," तो म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे. त्याला खरंच नवल वाटत होतं.

सेबी लेकीकडं पोर्तुगालला निघून गेला आणि जाताना बास रवळूला देऊन गेला. चोर्ला घाटाच्या बसमध्ये कंडक्टर त्या खोळीकडं बघतच राहिला. "इदु एन री? ह्ये काय? मढं हाय काय आत?" शेवटी मागच्या सीटवर बासला बसवलं, अर्धं तिकीट फाडलं, आणि रवळू बेळगावपर्यंत त्याला मिठी मारून उभा राहिला.

घरात थोरला भाऊ महादेव. रवळूचं लग्न झालंच नव्हतं. मुलीकडचे विचारायचे, पोरगा करतो काय, आणि महादेवला ते तोंडानं सांगायची लाज वाटायची. आता त्यानं दारातच निकाल लावला.

"तू जेव, ऱ्हा, शेतात ये. तुझं घर हाय. पण ते भोपळं पडवीत. उंबऱ्याच्या आत न्हाय."

"बरं, आण्णा."

तेव्हापासून सकाळी रताळी, दुपारी बास. सगळी रानात असताना वाजवायचं. एकदा मालुवहिनी मध्येच परतली आणि म्हणाली, "भावजी, ह्या घुंगाटानं म्हस पान्हा चोरालीया." त्यानंतर म्हशीच्या धारेची वेळ सांभाळणं आलं.

अशी वर्षं गेली. मग ह्या भाद्रपदात दारात एक स्कूटर थांबली.

बेळगावातल्या टिळकवाडीची चिन्मयी. पियानो शिकवायची, पुण्यात शिकून आलेली, बोलताना हात हवेत. तिनं चारपाच वादक जमवले होते आणि तिला बेळगावात हार्ड बॉपचा कार्यक्रम करायचा होता, तिकीट लावून, रेकॉर्डिंगसकट. गोव्यात कुणीतरी तिला म्हणालं होतं, उभा बास वाजवणारा रॉली तुमच्याच गावचा.

"सर, तुम्ही वाजवता ना अजून?"

महादेव अंगणात खुरप्याला धार लावत होता. 'सर' ऐकून त्याचा हात थांबला.

"वाजवतो," रवळू म्हणाला. "म्हस बघून."

"एक अख्खा तुकडा फक्त तुमचा ठेवणार मी. बाकीचे सगळे थांबणार. तुम्ही एकटे."

रवळूनं तिच्याकडं बघितलं. फौजेत नाही, गोव्यात नाही, एकटा तो कधी वाजलाच नव्हता. आणि हे कुठं, तर कंग्राळीला लागून असलेल्या बेळगावात. ज्या गावानं त्याचं नाव भोपळा ठेवलं ते गाव खुर्चीत बसणार आणि भोपळ्यातनं काय निघतं ते ऐकणार.

"आण्णा येईल काय ऐकाय?" तो एकदम म्हणाला, आणि आपण हे मोठ्यानं बोललो म्हणून ओशाळला.

 महादेव चिन्मयीला म्हणाला, "बाई, एक इचारू? ह्ये नसलं तर तुमचं अडतंय काय?"

"काका, हे नसलं तर बाकीच्यांनी घरीच जावं."

"म्हंजे नांगर म्हणा की."

"हो," ती हसली. "नांगरच."

महादेवनं मान वळवून पडवीतल्या बासकडं बघितलं.

त्या दिवसापासून घरात फरक पडला. रवळू संध्याकाळी सरावाला टेम्पोतनं टिळकवाडीला जायचा, तर टेम्पोत चढवायला महादेव स्वतः हात लावायचा. "सांभाळून, दारावर आपटंल." वहिनीनं खोळीचा उसवलेला कोपरा शिवला. रवळूच्या बोटांना जुने घट्टे परत आले. रात्री जेवताना महादेवनं विचारलं, "कार्यक्रमाला किती माणूस यील?" इतक्या वर्षांत हा त्याच्या वाजवण्याबद्दलचा घरातला पहिला प्रश्न.

कार्यक्रम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होता. खंडेनवमीला सकाळी महादेवनं त्याला बाजारात धाडलं. "झेंडू आन. चांगला, मोठा. घाई करू नगंस, दर पाडून आन."

खंडेनवमीला घरातलं आऊत, म्हणजे पोटाचं साधन, पुजायचं. विळे, कोयते, खुरपी, पंप, तराजू, ट्रॅक्टर, सगळं आधी स्वच्छ धुवायचं, मग हळदीकुंकू, फूल, नारळ. रवळू फुलांची पिशवी घेऊन गल्लीत शिरला तेव्हा ट्रॅक्टर धुऊन झाला होता, चकचकीत उभा. त्याच्या शेजारी बाजलं टाकलं होतं. बाजल्यावर बास आडवा. मालुवहिनीच्या हातात बोअरची पाइप. महादेव धोतर खोचून, काथ्याच्या चोथ्यानं, साबणाच्या फेसात बासचं पोट घासत होता. जसा बैल घासतात, हळूहळू, लाडानं.

"काय करालासा?" रवळूचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

"आलास काय?" महादेवचं तोंड फुललं होतं. "तू यायच्या आत करायचं हुतं. पोटात लई धूळ हुती रं. भोकातनं पाइप सोडली आणि पालथं करून वतलं. बघ आता."

"भावजी, ह्येला गोडं तेल लावू का खोबऱ्याचं?" वहिनीनं विचारलं.

जुनं वाद्य. पोटाच्या सांध्यांत खिळा नाही, स्क्रू नाही. सगळं सरसावर धरलेलं, आणि सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा डिंक. पाणी लागलं की तो परत डिंक होतो. रवळू पुढं झाला आणि तारा सैल करायला खुंट्या पिळायला लागला, पण बास तोवर उन्हात तापला होता. आधी कुरकुर झाली. मग पोटाची शीव वरपासून खालपर्यंत उकलली, तारा पेलणारी लाकडी घोडी आडवी पडली, आणि चारही तारा दोरीसारख्या लोंबल्या.

 पाइप वाहत होती.

"आण्णा, ह्येला पाणी चालत न्हाय."

"ट्रॅक्टरला चालतंय की."

"ह्ये सरसावर हाय."

"मग मला सांगायचं न्हवतंस?"

"तू कवा इचारलास?"

महादेवच्या हातात फेसाळलेला चोथा तसाच होता. "मी... आज आऊत म्हटलो तुझ्या ह्येला. इतकी वर्सं म्हटलो न्हाय. आज म्हटलो."

"भोपळं म्हणत हुतास तवा हात तरी लावत न्हवतास," रवळू म्हणाला.

महादेवनं मान खाली घातली. पण पूजा अर्धवट सोडायची नसते. त्यानं हात धुतले, उकललेल्या लाकडाला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पुढ्यात नारळ फोडला. मग खोबऱ्याचा तुकडा रवळूपुढं धरला. रवळूनं तो घेतला. न घेऊन काय करणार होता?

"मारुतीराव सुताराला सांगतो," महादेव म्हणाला. "दारं झ्याक बसवतोय त्यो."

रवळूनं फोन लावला.  चिन्मयी म्हणाली, "उघडलंय म्हणजे किती, सर?"

"हात आत जातोय."

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, तिनं कॅम्पातल्या एका चर्चच्या पोरांकडनं इलेक्ट्रिक बास आणून ठेवला. गिटारसारखा, गळ्यात अडकवायचा. रवळूनं अडकवला. एक तार छेडली. आवाज खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या पेटीतनं आला.

"आवाज तिकडं हाय," तो म्हणाला.

"हो सर, ॲम्प्लिफायरमधून येतो."

"आणि मी हिकडं."

"सर, एकच संध्याकाळ. तुमची बोटं तीच आहेत ना?"

तासाभरात हात बसला असता, हे त्यालाही कळत होतं. पण आयुष्यभर ज्याला छातीशी धरून उभं राहिलो, ज्याचा हुंकार बरगड्यांत शिरायचा, त्याच्या जागी हे खेळणं पोटावर टांगून गावासमोर जायचं? त्यानं पट्टा गळ्यातनं काढला.

"न्हाय जमायचं, बाई."

"सर, प्लीज."

"न्हाय म्हटलो न्हवं?"

ती जरा रागावली. तिकिटं गेलेली होती. "मग मला बास कीबोर्डवर घ्यावा लागेल," ती म्हणाली. रवळू मान हलवून बाहेर पडला. ह्या वेळी बटण त्यानं स्वतःच दाबलं होतं.

कार्यक्रमाला तो जाणार नव्हता. महादेवनं ऐकलं नाही. त्यानं पांढरा फेटा बांधला, मालुवहिनीनं ठेवणीतलं लुगडं काढलं, आणि दोघांनी रवळूला मध्ये घेऊन पहिल्या रांगेत बसवलं. पासावर तीच जागा लिहिलेली होती.

वाजलं चांगलं. रवळूला खोट काढायची होती, सापडली नाही. ट्रम्पेटवाला भांडत होता, ड्रमवाल्यानं आग लावली, आणि कीबोर्डवरच्या पोराचा डावा हात न हलता, न चुकता चार चार मोजत गेला. एके ठिकाणी सगळे थांबतील असं रवळूला वाटलं. तिथं पाणी प्यायला थांबले आणि पुढं गेले.

शेवटी चिन्मयीनं एकेकाचं नाव घेतलं. मग माइक दोन्ही हातांनी धरला. "आज एक माणूस इथं माझ्या मागं उभा राहणार होता. राहू शकला नाही. पण बेळगावला त्यांचं नाव कळायला पाहिजे. कंग्राळीचे रवळू सर. सर, प्लीज, उभे राहा."

टाळ्या सुरू झाल्या. बश्या नव्हत्या, खणखणाट नव्हता. पुरं नाव, पुरं सभागृह, पुऱ्या टाळ्या. न वाजवल्याबद्दल.

"उठ की," महादेव पुटपुटला.

रवळू उठला नाही.

"अरं नाव घेतल्यात. माणसं बघालीत."

"बघू दे."

टाळ्या चालूच. चिन्मयी दिव्यांच्या उजेडात डोळ्यांवर हात धरून पहिल्या रांगेत शोधत होती. महादेवनं इकडं तिकडं बघितलं. घराचं नाव घेतलंय आणि घरातलं कुणीच उठलं नाही, हे त्याच्याच्यानं बघवेना. तो उठला. फेटा सारखा केला, वळला, आणि साऱ्या सभागृहाला दोन्ही हात जोडले. टाळ्या दुप्पट झाल्या. मागच्या रांगेतला कुणीतरी शेजाऱ्याला म्हणाला, "हेच ते. बोटं बघा, कसली राकट."

महादेव हात जोडून उभाच होता, डोळ्यांत पाणी घेऊन.

रवळूनंही टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत एकच माणूस हाताची घडी घालून बसला, तर लगेच दिसतो.