माझं अनवाणी चालणं आणि अण्णांचं वारणं

आमचे वडील, अण्णा, मागच्या चैत्रात चार दिवस वारले होते. बुधवारी सकाळी वारले आणि शनिवारी अकराच्या सुमारास आंघोळ करून बाहेर आले. या चार दिवसांत त्यांना काडीचीही तकलीफ झाली नाही, कारण आपण वारलोय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मारलं तर मीच होतं.

त्याचं असं झालं, की मला झोप येत नव्हती. प्राचीचा, म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता. मुलगा आखाडा बाळापूरचा, बँकेत नोकरीला. दोघांचं फोनवर इतकं जमलेलं, की प्राचीला गच्चीवरून जेवायला उतरवायचं म्हणजे तिच्या आईला, मंगलला, जिन्यात उभं राहून तीन हाका माराव्या लागत. अडचण एकच. आधीच्या दोन तारखा सुतकानं खाल्ल्या होत्या. एकदा त्यांच्या भावकीत कुणी गेलं, एकदा आमच्या. मुलाचे वडील रामराव म्हणजे रीतभात मानणारा माणूस. ते हिंगोलीला आमच्याकडं आले, चहा घेतला आणि आवाज न चढवता सांगून गेले, "ही तिसरी तारीख हुकली तर आमी समजू, देवाच्याच मनात न्हाई. मग तुमी तुमच्या वाटेनं, आमी आमच्या." त्या दिवसापासून जिल्ह्यात कुठंही कुणी खोकलं तरी माझी झोप उडायची.

त्यात आमच्या घरात अण्णा शहाऐंशी वर्षांचे! प्रकृती ठणठणीत, पण मी धोका पत्करला नाही. रोज सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायची त्यांची जुनी सवय मी बंद केली. ऊन नको, वारा नको, आइस्क्रीमचं तर नाव नको. अण्णा दोन दिवस कुरकुरले, मग आतल्या खोलीत कूलरपुढे पेपर वाचायला लागले. गल्लीला ते दिसेनासे झाले. हे पुढच्या घोटाळ्यासाठी ध्यानात ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

अशा काळात मोबाइलवर एका दाढीवाल्या गृहस्थांचं भाषण कुणीतरी पाठवलं. अनवाणी चाला, म्हणे. तळपाय मातीला लागले की अंगातली उष्णता उतरते, गुडघे सुधारतात, मन निवतं. आपण चपला घातल्या आणि तिथून माणसाचं बिघडलं, असा एकंदर सूर होता. मला पटलं. (मला रात्री दोन वाजता काहीही पटतं.)

दुसऱ्या दिवसापासून मी गावाबाहेरच्या शेताडीच्या वाटेवर अनवाणी फिरायला लागलो. पहिल्या दिवशी पायात सात सराटे घुसले. मन काही निवलं नाही, पण साखरपुड्याचा विचार मात्र तासभर आला नाही. चौथ्या दिवशी पाय सरावले. नांगरटीची भुसभुशीत ढेकळं, पाटाच्या कडेची ओल, सगळं तळव्यांना कळायला लागलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आठव्या दिवशी मी असा झोपलो, की आमच्या मंगलनं दोनदा नाकापुढं बोट धरून पाहिलं. गुडघ्यांची करकर थांबली. आणि आपल्याला एखादी गोष्ट मानवली की आपण ती जगाला दाखवल्याशिवाय राहत नाही, तसं माझं झालं. मंगळवारी मी जाहीर केलं, की साखरपुडा होईपर्यंत चप्पल बंद. कचेरीतसुद्धा!

त्याच मंगळवारी संध्याकाळी कटिंगला गेलो. आमच्या नेहमीच्या कारागिराच्या मशीनची कंगवी ऐन वेळी निखळली आणि कानापासून टाळूपर्यंत एक सरळ पांदण तयार झाली. त्यानं दुसऱ्या बाजूनं बराबर करायचा प्रयत्न केला, मग मागून केला. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की सगळंच काढावं. गुळगुळीत डोक्याखाली मिशी एकटी फार परकी दिसायला लागली, म्हणून तीही काढली. मंगलनं मला पाहिलं आणि एवढंच म्हणाली, की रविवारी साखरपुड्याला फेटा घट्ट बांधा.

बुधवारी मी कचेरीला निघालो. डोकं गुळगुळीत, मिशी नाही, पाय उघडे आणि उन्हानं डोकं भाजू नये म्हणून खांद्यावर पांढरं उपरणं. आपल्याकडं या वेशात माणूस कधी दिसतो, हे शेंबड्या लेकराला कळतं. मला कळलं नाही, कारण मी आतून शांत झालो होतो. त्यात डांबर तापलेलं, त्यामुळे तोंड वाकडं आणि डोळ्यांत पाणी.

कचेरीत चमत्कार झाला. ज्या साहेबांनी मला वीस वर्षांत खुर्ची दिली नव्हती, ते स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, घरी थांबायचं ना, इथलं आम्ही पाहतो. भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेला एक अर्जदार मला पाहून फाइल न मागताच परत गेला. कुणी राम राम घालेना, जाताना येतो म्हणेना. शेजारच्या टेबलावरच्या भालेरावांनी दुपारी आपला डबा माझ्यापुढं ठेवला. पिठलं-भाकरी होती. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि कांदा मागितला. भालेराव कांदा पुढं सरकवत म्हणाले, जेवताय हे बरंय. मी मनात म्हटलं, अनवाणी चालण्याचा परिणाम फक्त चालणाऱ्यावर होत नाही, भोवतालच्यांवरसुद्धा होतो. तीन दिवस मी या परिणामात तरंगत होतो.

शनिवारी सुटी. मी सकाळी लांब फेरीला गेलो आणि इकडं बाळापूरहून रामराव, त्यांच्या वहिनी आणि थोरले बंधू असे तिघं घरी आले. बाजारात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. अशा वेळी फोन करून खात्री करून घ्यायची रीत नाही, आणि रीत मोडणाऱ्यांतले रामराव नव्हेत. तिघंही खुर्च्या सोडून खाली सतरंजीवर बसले. मंगलनं पाणी आणलं तर कुणी हात लावेना. चहा विचारला तर माना हलल्या. उद्या साखरपुडा, आणि व्याही घरचं पाणी घेईनात! बिचारीला वाटलं, मोडलं. तिनं कसंबसं विचारलं, आमचं काय चुकलं. रामराव खाली बघत म्हणाले, कुणाचं काही चुकत न्हाई, वेळ आली की कुणाच्या हातात ऱ्हात न्हाई. मंगलला हुंदका फुटला. दाराआड कान देऊन उभ्या असलेल्या प्राचीलाही फुटला. ते रडणं ऐकून रामरावांच्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

मी घरात शिरलो तेव्हा हे असं चाललेलं. माझे धुळीचे पाय पाहून रामराव उठले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"माणूस लाखाचा होता," ते म्हणाले.

आता तिथं उभा असलेला माणूस मीच होतो. लाखाचा म्हटलं ते मला आवडलं, पण त्यातला 'होता' खटकला. संबंध संपला म्हणून व्याही माझी शेवटची तारीफ करतोय, असं मी धरलं. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मीही रामरावांच्या खांद्यावर ढसाढसा रडायला लागलो. मनाची सगळी शांती तिथंच संपली.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि अण्णा कमरेला पंचा, कपाळाला गंध अशा थाटात बाहेर आले. रामरावांच्या वहिनी सतरंजीसकट मागं सरकल्या. थोरले बंधू भिंतीला टेकले. अण्णांना वाटलं, पाहुण्यांच्या घरी काही झालंय. ते बिचारे रामरावांजवळ गेले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेनं विचारलं, "कोण गेलं?"

रामरावांनी हात जोडले.

"तुमी," ते म्हणाले.

अण्णांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं, मिशीच्या जागेकडं पाहिलं, उपरण्याकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं. त्यांच्या सगळं ध्यानात आलं. मग ते सतरंजीवर मांडी घालून बसले आणि रामरावांना म्हणाले, "बरं, माझ्याबद्दल काय बोलून राहिले होते, ते जरा पहिल्यापासून सांगा."

रामरावांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. अण्णांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, एका ठिकाणी भर घातली. आधी रामरावांच्या वहिनींना हसू आलं, मग मंगलला, आणि शेवटी खुद्द रामराव डोळे पुसत हसायला लागले. पाणी घेतलं, चहा घेतला, पोहे दोनदा घेतले. ज्याच्या मरणाची खोटी आवई उठते त्याचं आयुष्य वाढतं, तेव्हा हा शुभशकुनच झाला, असा निवाडा त्यांनी दिला. साखरपुडा उद्याच, आणि तोही अण्णांच्या हातानं. प्राची तशीच फोन घेऊन गच्चीवर पळाली. मला इतका आनंद झाला, की मी दहा वेळा माफी मागितली. रामरावांनी एकच अट घातली, की कार्य पार पडेपर्यंत मुलीच्या बापाचे उघडे पाय कुणाला दिसायला नकोत.

अट मी अक्षरशः पाळली. रविवारी सगळ्या पाहुण्यांनी रीतीप्रमाणं मांडवाबाहेर चपला काढल्या. नवरदेव अनवाणी, व्याही अनवाणी, भटजी अनवाणी, आणि मी एकटा काळे कुळकुळीत बूट घालून पाटाशेजारी उभा. फोटोत आजही तसाच आहे. लाल फेटा, गळ्यात हार, अंगाला अत्तर. आता काय बिशाद आहे कुणाची गैरसमज करून घ्यायची!

अंगठ्या घालून झाल्या. अण्णांनी दोघांच्या तोंडात पेढा भरवला. मला भरून आलं होतं. एवढ्यात रामरावांच्या आत्याचे यजमान साखरा गावाहून उशिरा येऊन पोचले. म्हातारे गृहस्थ, चार दिवसांतलं एक अक्षर त्यांच्या कानावर नव्हतं. त्यांनी मांडवभर नजर फिरवली, गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडं आले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच म्हणाले, "धीर धरा."

मी अण्णांना बाजूला घेतलं. म्हटलं, आता काहून? फेटा हाय, हार हाय, पायात बूट हायेत, आता काय राहिलं?

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"बुटानं काही फरक पडत न्हाई बापू," ते म्हणाले. "तुझं तोंडच सुतकी हाय."