वहिनींच्या घरातली प्रार्थना

नगरकडच्या आपल्या गावातून निघालो, तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभा राहून बाप म्हणाला, "येशूचं नाव सांगायला लाजू नको. पण दुसऱ्याच्या देवाला हिणवून सांगू नको." मी रेल्वेत खलाशी म्हणून लागलो होतो. शेजारी मार्था, नवीच नवरी. तिनं मान डोलावली. माझं ध्यान सामानाकडं होतं.

दादा, तू फोनवर म्हणतोस, उज्जैनला आता तुझं कोण उरलंय, परत ये. खरंय. मार्था गेल्यापासून घर खायला उठतं. सकाळी नानाखेड्याच्या बसस्टँडवर जाऊन बसतो. गाडी कुठलीच पकडायची नसते. पोहे खातो, घरी येतो, परत निघतो. चर्चला जात नाही. देवाशी बोलणं बंद आहे.

गावात आपली आळीच ख्रिस्ती, सांगणार कुणाला? इथं कॉलनीत आमचं एकच घर. मार्थानं कुणाला उपदेश केला नाही. कुणी आजारी पडलं की डबा घेऊन जायची, आणि निघताना विचारायची, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" नको म्हटलं तर म्हणायची, "बरं, मग भाजी चिरून देते."

परवा शेजारच्या कुलकर्णी वहिनी आल्या. "भाऊजी, यांचं उद्या हार्टचं ऑपरेशन आहे. मार्थाताई असत्या तर सांगावं लागलं नसतं. प्रार्थना करायला चला."

"माझं देवाशी भांडण चालू आहे."

"मग भांडण जरा साइडला ठेवा. कल सुबह निकलना है."

गेलो. कुलकर्णी पलंगावरून म्हणाले, "या, बैठो. घाबरू नका, ऑपरेशन माझं आहे." वहिनींनी विचारलं, "देव्हाऱ्याचा पडदा ओढू का?"

"कशाला? राहू द्या."

डोळे मिटले. मार्था कशी बोलायची ते आठवेना. शेवटी म्हणालो, "प्रभू, माझी नेलीस. यांचा ठेव." आमेन वहिनींनीच म्हटलं. मग उजवा हात पुढं केला, प्रसादासाठी. आमच्यात प्रसाद नसतो, हे मार्थानं त्यांना कधी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. खिशात लिमलेटची गोळी होती, ती हातावर ठेवली. त्यांनी डोक्याला लावून नवऱ्याला अर्धी दिली.

ऑपरेशन झालं. कुलकर्णी शुद्धीवर आलेत, पण डॉक्टर अजून भरवसा देत नाहीत. वहिनी म्हणाल्या, रोज संध्याकाळी दवाखान्यात येत जा.

दादा, गावाला येईन, पण राहायला नाही. तिकडं माझ्यासाठी प्रार्थना करणारे पुष्कळ आहेत. इथं माझ्याकडं प्रार्थना मागणारं एक माणूस आहे, म्हणून घर इथंच. भांडण मिटलेलं नाही. पण सहा वाजता मला जायचंय.