पश्चिमेला तोंड करून

दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, हातातल्या कापडी पिशवीकडं पाहिलं आणि एक लाल, चकचकीत दुर्बीण पुढं सरकवली. बटण दाबलं की आपोआप फिरते, मोबाइलला जोडता येते, वजनाला हलकी. मला हलकी नकोच होती. पहिली हलकीच होती माझ्याकडं, घरपोच मागवलेली. तिचे तीन पाय इतके काटकुळे की शेजारून म्हैस गेली तरी चंद्र थरथरायचा, आणि आमच्या गल्लीतून म्हशी काही कमी जात नाहीत. मी त्याला सांगितलं, मला ती लांब नळीची द्या, तळाला आरसा असलेली. आणि नुसती नळी द्या, तिला उभं कशावर करायचं ते माझं मी बघते. तो म्हणाला, ती जड पडेल तुम्हाला. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझा जन्म गेला. अडलेल्या बायांना जीपमधून उतरवून घेतलं या हातांनी, आणि मला नळी जड पडेल म्हणे. मी तीच घेतली, आणि बसमध्ये मांडीवर आडवी धरून घरी आणली.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत आहे. निवृत्त झाल्यावर मी वस्तीत परत न जाता गावाच्या कडेला जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या. वस्ती म्हणजे आमच्या बौद्ध लोकांची. तिथं माझे चुलत भाऊ आहेत, विहार आहे, सगळं आहे. पण मला मोकळं आकाश पाहिजे होतं. रात्रपाळीला वीज गेली की दवाखान्याच्या पायरीवर बसून मी वर बघत असे. ते बघणं मनासारखं कधी झालंच नाही, कोणीतरी कळा देत आतून हाक मारायचंच. तेव्हाच ठरवलं होतं की पुढं आपलं अंगण असेल आणि त्यात कोणी हाक मारणार नाही. त्या अंगणात आई आणि मी अशा दोघीच राहतो. उत्तरेला आमच्या खोल्या, पूर्वेला माझी भिंत आणि तिच्या कडेनं ओटा, दक्षिणेला उघडं शेत. पश्चिमेला एक बंगला आहे. तो ज्यांचा, त्यांच्या वडिलांकडं एके काळी निम्म्या गावची जमीन होती. आता जमीन कमी आणि राजकारण जास्त, पण रुबाब तोच.

नळी उभी करायला मी आईचं जुनं जातं वापरलं. पिठाची गिरणी आल्यापासून ते कोपऱ्यात पडून होतं. खालची तळी अंगणात सिमेंटमध्ये बसवली, तिच्या मधल्या खुंट्यावर प्लायवूडची पेटी ठेवली आणि पेटीच्या बुडाला सनमायका लावला. मधे प्लास्टिकच्या डब्यांच्या झाकणांचे तुकडे सरकवले, म्हणजे पेटी हाताच्या एका बोटानं फिरते आणि सोडली की तिथंच थांबते. पेटीत नळी दोन पट्ट्यांनी आवळलेली. मागची बाजू हलकी पडून तोंड खाली झुकायला लागलं, तर तिथं वाणसामानाच्या तराजूचं वजन बांधलं. गावातल्या सुताराला हे सगळं बघून हसू आलं. मी म्हटलं, हस बाबा, पण भोक मधोमध पाड. म्हैस जाऊ दे नाहीतर ट्रॅक्टर, चंद्र आता हलत नाही.

या दुर्बिणीची एक गंमत आहे, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळंच घडलं. साध्या दुर्बिणीत आपण मागून बघतो, तोंड आणि नळी एकाच दिशेला. हिच्यात तसं नाही. उजेड तळाच्या आरशावर पडतो, परत वर येतो, तिथल्या छोट्या तिरक्या आरशावरून वळतो आणि नळीच्या वरच्या टोकाशी, बाजूला बसवलेल्या भिंगातून बाहेर पडतो. त्यामुळं नळी वर आकाशाकडं असते आणि बघणाऱ्याचं तोंड आडवं, भलतीकडं. माझा ओटा पूर्वेला. मी ओट्यावर टेकून बघता यावं म्हणून भिंग त्याच बाजूला ठेवलं. म्हणजे दक्षिणेचा तारा बघताना माझं तोंड पश्चिमेला, थेट त्यांच्या बंगल्याकडं व्हायचं.

त्यात त्यांच्या गच्चीच्या कोपऱ्यावर एक हॅलोजन होता, दिवस मावळला की लागणारा. तो नेमका माझ्या डोळ्यात यायचा. मी दोनदा जाऊन सांगितलं की त्याला जरा टोपण लावा, निदान खाली वळवा. उजेड आमचा हाय, आमी कुठंबी पाडू, असं उत्तर मिळालं. मग मी नळीच्या तोंडाला शेतातल्या मल्चिंगच्या काळ्या कागदाची गुंडाळी लावून ती लांब केली, आणि बघताना डोक्यावरून काळं कापड घ्यायला लागले. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. दिवेलागणीला एक म्हातारी बाई डोक्यावर काळं कापड घेऊन बंगल्याकडं तोंड करून वाकलेली, आणि पुढ्यात एक तोफ. महिन्याभरात गावात झालं की सिस्टरबाई त्यांच्या सुनांकडं बघते. कोणी म्हणालं, फोटो काढते. एकानं तर करणीपर्यंत नेलं.

शेजाऱ्यानं पोलीस पाटलाकडं तक्रार केली. दुर्बीण तरी काढा, नाहीतर बाईला समज तरी द्या. पोलीस पाटलानं मला बोलावणं धाडलं, तर मी निरोप दिला की भांडण दुर्बिणीचं आहे, तेव्हा दुर्बीण आहे तिथं या. ती जात्यावर बसवलेली आहे, उचलून आणता येणार नाही. मला भीती वाटत नव्हती असं नाही. गावात एकदा समज दिली की ती कायमची अंगाला चिकटते. आणि दुर्बीण गेली असती तर मला नुसतं अंगण उरलं असतं. पण भीतीपेक्षा रागच जास्त होता.

ते दोघं दिवेलागणीला आले. चंद्र अर्धा होता आणि चांगला वर आलेला. मी चहा ठेवला. पोलीस पाटलानं घेतला, शेजाऱ्यानं उपास आहे म्हणून सांगितलं. वार कुठला ते मी विचारलं नाही. आई खुर्चीवर बसली होती, ती त्यांना बघून उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. मग मी चंद्र लावला आणि म्हटलं, इथं डोळा लावा आणि सांगा, कोणाची सून दिसते.

पोलीस पाटील वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. खड्डे खड्डे दिसत्यात की, असं काहीतरी पुटपुटला. मग त्यानं नळीच्या वरच्या तोंडासमोर हात धरून बघितला, चंद्र गेला. हात काढला, चंद्र आला. त्याची खात्री पटली. शेजाऱ्याला म्हणाला, या, तुमीबी बघा. शेजारी जागचा हलला नाही. माझ्या अंगणात, माझ्या आईच्या जात्यापुढं वाकायचं होतं ना. तो म्हणाला, वर बघू दे नाहीतर खाली, लोकांला दिसतं ते आमच्या घराकडं तोंड केलेलं.

पोलीस पाटील भला माणूस. त्याला दोघांचंही मन राखायचं होतं. त्यानं ते दोन पट्टे बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की पट्टे सैल केले तर नळी पेटीतल्या पेटीत फिरते. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"बाई, नळी तेवढी फिरवा अन् भिंतीकडं तोंड करून बघत जा. मिटला इषय."

खरं सांगायचं तर मीच त्या आठवड्यात नळी फिरवणार होते. हॅलोजन पाठीशी गेला असता, काळं कापड लागलं नसतं, आणि ओट्याचं काय, स्टूल घेता आलं असतं. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण त्यानं भिंतीकडं तोंड म्हटलं आणि माझी नजर आईवर गेली. आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा या शेजाऱ्याच्या वडिलांची गाडी रस्त्यानं निघाली की आमच्या वस्तीतल्या बायांनी पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, अशी रीत होती. डोक्यावर सरपण असो की कडेवर लेकरू. भिंत नसली तर काट्यांच्या कुपाटीकडं. हे आईनं मला भाकरी थापता थापता एकदाच सांगितलं होतं, आणि सांगतानाही तिनं मान वर केली नव्हती. खुर्चीवर बसलेल्या माझ्या आईनं आता पदर नाकापर्यंत ओढला होता, आणि तिची मान पूर्वेला, भिंतीकडं वळलेली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"नळी फिरंल," मी म्हटलं. "तोंड न्हाई फिरायचं. माझ्या आईनं लई वर्षं केलं भिंतीकडं. आमच्या घरातलं तेवढं पुरं झालं."

शेजारी म्हणाला, "जुनं कावून उकरता बाई? आमी काय केलं तुमाला?"

मी त्याला सांगितलं की त्यानं काही केलं असं मी म्हणतच नाही. त्याच्या घरातली दोन बाळंतपणं मीच केली आहेत, तेव्हा त्याच्या सुनांना मी पुरेसं बघितलेलं आहे, त्यासाठी मला दुर्बीण लागत नाही. पण माझ्या अंगणात मी कुठं तोंड करावं हे तो ठरवणार नाही, आणि त्याच्या वतीनं दुसरा कोणीही ठरवणार नाही. पोलीस पाटलानं चहाचा कप ओट्यावर ठेवला. म्हणाला, यंत्र वर बघतं, आपल्या हातात काय न्हाई. आणि उठला.

दोन आठवड्यांनी, अमावास्येच्या सुमाराला, शेजाऱ्यानं आपल्या हद्दीत बांबू रोवले आणि आमच्या दोघांमधल्या कुंपणभिंतीच्या वर, पार गच्चीच्या कठड्याच्याही वरपर्यंत, हिरवी शेडनेट ताणली. एक पदर पुरेना म्हणून दुसरा घातला. माझ्या नजरेला बंदी. मी ओट्यावर बसून ते काम बघत होते आणि संध्याकाळची वाट बघत होते, कारण जे त्याला दिसलं नव्हतं ते मला दुपारीच दिसलं होतं. दिवस मावळला, हॅलोजन लागला, आणि त्याचा सगळा उजेड त्या जाळीच्या आतल्या अंगाला अडकून बसला. मी हात जोडून मागितलेलं टोपण माणसानं रागाच्या भरात स्वतःच्या हातानं, दुहेरी, बांबू लावून बसवून दिलं. मी हसत सुटले. आई म्हणाली, येड लागलं का.

त्या संध्याकाळी काळं कापड मी दोरीवरच राहू दिलं. मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांच्या खाली एक धुरकट ठिपका आहे. हॅलोजनच्या उजेडात तो मला नुसता डाग दिसायचा. आता त्याला दोन्ही बाजूंनी पंख फुटले होते, कापूस पिंजून ठेवावा तसे. मला रडूच आलं, आणि भिंग ओलं झालं म्हणून मी स्वतःवरच चिडले. मग आईला हाक मारली.

इतक्या महिन्यांत आईनं एकदाही डोळा लावला नव्हता. बोलावलं की म्हणायची, गुडघे दुखतात. मी ओट्यावर उशी टाकून ठेवली तरी गुडघेच दुखायचे. त्या दिवशी मात्र ती भिंत धरत धरत आली. नळीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "कुनीकडं तोंड करायचं?"

"तिकडंच," मी म्हटलं. "बंगल्याकडं."

तिनं जाळीकडं पाहिलं. जाळीमागं कोणाची तरी सावली हलत होती. सवयीनं तिचा हात डोक्याकडं गेला आणि पदर पुढं आला. ती तशीच वाकली, पण पदर भिंगाच्या आड येत होता. दोनदा आला. तिसऱ्यांदा तिनं तो डोक्यावरून मागं सारला आणि खांद्यावर टाकला. विरळ पांढऱ्या केसांचं तिचं डोकं मी घराबाहेर कधी उघडं पाहिलं नव्हतं. ती वाकून राहिली, तोंड त्यांच्या घराकडं. थोड्या वेळानं तारा सरकला असेल म्हणून नळी हलवायला मी पुढं झाले. तिनं न बघताच माझा हात बाजूला केला.

"थांब की," ती म्हणाली. "मला बघू दी."