दहा जणींची यादी

माणूस पारखण्यात माझी नजर फसत नाही, असा मला लई गर्व होता. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी खेळाची शिक्षिका. दरवर्षी विभागीय सामन्यांच्या आधी पंधरा दिवस बास्केटबॉलच्या मैदानाकडेला वही घेऊन बसायचे आणि एकेकीची कुंडली मांडायचे. उंची, पळ, हात, दम आणि शेवटच्या रकान्यात स्वभाव. तो शेवटचा रकाना मी नेहमी घाईत भरायचे.

भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती. औशाकडची गावं पत्र्याच्या शेडमधून नव्या घरांत हलत होती, आणि शहरात गल्लोगल्ली ट्यूशनच्या पाट्या लागत होत्या. पोरींना पहाटे फिजिक्सची बॅच, संध्याकाळी गणिताची. मधे जो तास-दीड तास उरायचा तो माझा. आईबाप येऊन सांगायचे, मॅडम, खेळाचे मार्क मिळतील एवढंच खेळवा. मी मान डोलवायचे आणि पोरींना दुप्पट पळवायचे.

त्या वर्षी अकरा जणी होत्या आणि नांदेडला दहाच नेता येणार होत्या. कॅप्टन बुटकी, पण पायात चाकं लावल्यासारखी. ट्यूशनमध्ये पहिला नंबर तिचाच. उदगीरच्या दोघी लांबून अचूक टाकायच्या. आणि एक होती औसा तालुक्यातली, सगळ्यांत उंच. बोर्डाला लागून परत आलेला चेंडू तिच्याशिवाय दुसरीच्या हाती लागायचा नाही. तिच्या बापानं मला समोर बसवून सांगितलं होतं की टीममध्ये नाव आलं तर पोरगी हॉस्टेलवर राहील, नाहीतर दिवाळीआधी गावाकडं नेतो, शिक्षण पुरे झालं. माणूस वाईट नव्हता. पोर नजरेआड ठेवायची त्याला भीती वाटायची, एवढंच.

पण त्या पोरीची एक सवय माझं डोकं फिरवायची. चेंडू हातात आला की लगेच टाकायचा सोडून ती आपल्या चौघींची नावं घेऊन हाका मारायची. एकेकीनं "हाय", म्हणजे आहे, असं म्हटलं की मग पास. समोरच्या पोरी धावून येताहेत आणि ही बया हजेरी घेतेय! चेंडू नसतानाही तोंड चालूच. मी चार दिवस गोडीनं सांगितलं, आणि मला गोडी फार दिवस जमत नाही. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडले, "तोंड बंद ठेव आधी, मग खेळ."

तिनं तोंड बंद ठेवलं. पण त्या दिवसापासून तिचा खेळच गेला. चेंडू हातात घेऊन नुसती उभी राहायची, इकडं तिकडं बघायची. मी वहीत लिहिलं, सुस्त आहे, सांगितलेलं मनाला लावून घेते. शनिवारी सकाळी दहा जणींची यादी नोटीस बोर्डावर लावली. तिचं नाव त्यात नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी जुन्या विद्यार्थिनींबरोबर सराव सामना ठेवला होता. मी निवडलेल्यांतल्या पाच जणी उतरल्या आणि मैदानावर स्मशानशांतता. कुणी कुणाला आवाज देईना. दोघी एकाच चेंडूवर धावल्या, कॅप्टनचं तोंड दुसरीच्या कोपरावर आपटलं आणि ओठ फुटला. मी मैदानाच्या कडेवरून ओरडत होते, बोला गं, एकमेकींशी बोला. पण बोलणार कशा? दिवसभर शेजारणीला दिसू नये म्हणून वहीवर कोपर ठेवून बसणाऱ्या पोरी त्या. आपल्याला येतं ते दुसरीला सांगायचं नाही, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं, शहरानं आणि मीसुद्धा. वहीत रकाने मांडताना हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

कॅप्टनच्या ओठाला बर्फ लावत होते. तीच म्हणाली, "मॅडम, ती हाक मारायची तेव्हा आम्हाला कळायचं कोण कुठंय. तुम्हीच तिला गप्प केलं."

मग तिनं सांगितलं. कॅप्टन आणि ती हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायच्या, म्हणून कॅप्टनला माहीत. भूकंपात त्या पोरीचं घर पडलं तेव्हा बाप बाहेर होता. तो दगडमातीवर उभा राहून एकेकाचं नाव घेऊन हाका मारत राहिला आणि जिकडून "हाय" आलं तिकडं त्यानं हातानं खणलं. ही ओ देत राहिली म्हणून निघाली. धाकट्या भावाकडून ओ आली नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात जेवायला बसायच्या आधी आई सगळ्यांची नावं घेते, आणि सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय ताटाला हात लावत नाही.

अशा पोरीला मी तोंड बंद ठेव म्हणाले होते, तेही दहा जणींसमोर. स्वतःची लाज वाटली, आजही वाटते. ती कुठंय म्हणून विचारलं तर उदगीरची एकजण म्हणाली की यादी बघितली, ट्रंक भरली आणि स्टँडवर गेली.

माझ्या लुनाला तेवढं जोरात मी कधी पळवलं नव्हतं. स्टँडवर ही गर्दी. औसा, निलंगा, उमरगा, तिकडं जाणाऱ्या चार-पाच गाड्या लागलेल्या, खिडक्यांतून पिशव्या आणि डोकी लटकलेली. कोणत्या गाडीत शोधू? एका गाडीचं इंजिन सुरूही झालेलं. मी फलाटाच्या मधोमध उभी राहिले आणि घसा फाडून तिच्या नावानं हाक मारली. लोक वळून बघायला लागले. उत्तर आलं नाही. कसं येईल, मीच तर तिला गप्प बसवलं होतं.

दुसरी हाक मारली तेव्हा माझा आवाज चिरकला.

"हाय," सुरू झालेल्या गाडीच्या मागच्या खिडकीतून आवाज आला. "हाय, मॅडम."

मी त्या आवाजाकडं पळाले. कंडक्टर घंटी ओढायच्या आत मी दार धरून ठेवलं.